आधी पाणी

सह्याद्रीत भटकणाऱ्या माणसापुढे कुठल्याही गडाचं नाव काढा, त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: वर पाणी आहे का? तट किती शाबूत आहे, दरवाजा कुठल्या अंगाला आहे, माथ्यावरून काय काय दिसतं, हे सगळं मागाहून. होळी झाली की हा प्रश्न आणखी निकडीचा होतो. कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं, कुठलं शेवाळलेलं, कुठलं चैत्रातच तळाला जाणारं, हे ज्याला तोंडपाठ तो आमच्यातला जाणता. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातही हेच सांगितलंय, गड बांधायचा तर आधी पाणी पाहावं. पाणी नसेल आणि ती जागा सोडून चालणार नसेल, तर खडक फोडून टाकी, तळी करावीत. त्या टाक्यांतून निघालेला दगड तटाबुरुजांना लागला आणि मागे राहिलेल्या पोकळीत पाऊस साठला. शिवनेरीच्या गंगा-जमुना टाक्या, राजगडाचा पद्मावती तलाव, आडवाटेच्या गडांवरची निनावी खांबटाकी... माझ्या आजवरच्या भटकंतीत तहान भागली ती माणसांनी खपून साठवलेल्या अशा पाण्यावर.

डोंगरानं आपणहून जपलेलं तळं आपल्याकडे जवळजवळ नाहीच. सह्याद्री चार महिने पाऊस अंगावर घेतो आणि धबधब्यांच्या वाटेनं सोडून देतो. लोणारचं सरोवर आहे, पण ते आभाळातून कोसळलेल्या अशनीनं केलेलं. बाकी ज्यांच्या काठावर आपण सुट्टीत जाऊन बसतो, तो भंडारदऱ्याचा जलाशय काय किंवा कोयनेचा शिवसागर काय, ती धरणांची पाणी आहेत. सुंदर आहेत, पण त्यांच्या तळाशी गावं आहेत, हे ठाऊक असलेल्या माणसाला ती नुसती सुंदर दिसत नाहीत.

म्हणून डोडीतालचं नाव गेली कित्येक वर्षं माझ्या मनात घर करून होतं. गढवालात, उत्तरकाशीच्या वरच्या अंगाला, बांज, खर्सू, देवदाराच्या दाट रानात समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या थोडं वर असलेलं हे तळं. त्यातून असीगंगा निघते आणि उत्तरकाशीजवळ गंगोरीपाशी भागीरथीला मिळते. तळ्याच्या काठी गणपतीचं देऊळ आहे. येत्या उन्हाळ्यात आम्ही चौघं तिथं निघालो आहोत. मी, माझे धाकटे दीर, दहावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली त्यांची मुलगी, आणि आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक, ज्यांना सगळी सोसायटी ‘सर’ म्हणते. त्यांनी आम्हांला सह्याद्री दाखवला. हिमालयात मात्र ते पहिल्यांदाच येताहेत.

सह्याद्रीवाल्यांच्या अंगवळणी पडलेला हिशेब इथं सुरुवातीलाच उलटा होतो. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे भटकंती आवरती घेण्याचे दिवस. फार तर चांदण्या रात्रीची चढाई, नाहीतर करवंदं-जांभळं खाण्यापुरती रानाच्या कडेकडेनं चक्कर. हिमालयात रान उघडतं तेच उन्हाळ्यात. एप्रिलमध्ये वरच्या वाटेवर बर्फ असतो, जूनच्या शेवटी पाऊस येतो. मधले जे काही आठवडे उरतात त्यात सगळ्यांनाच जायचं असतं. अक्षय्य तृतीयेला गंगोत्री-यमुनोत्रीची दारं उघडतात आणि चारधामची बरीचशी वर्दळ उत्तरकाशीवरून जाऊ लागते. आपल्या मुलांच्या सुट्ट्या त्याच महिन्यात, तिकडच्या मुलांच्याही त्याच महिन्यात. खोल्या भरलेल्या, जीपा भरलेल्या, रस्ता गाड्यांनी तुंबलेला.

तेव्हा तारीख ठरवण्याआधी अगोड्याला फोन केला. अगोडा हे वाटेवरचं मोठं गाव. तिथले एक वाटाडे ओळखीतून मिळाले होते. मी विचारलं, मेच्या शेवटच्या आठवड्यात वर हवा कशी असेल? ते म्हणाले, “दीदी, ऊपर का कुछ पक्का नहीं होता.” मग एकेक गोष्ट सांगत गेले. सकाळ मोकळी असते, दुपारनंतर ढग भरतात, गारा पडू शकतात, रात्री लोकरीचे कपडे लागतातच. बुरांशाची लाल फुलं खालच्या रानात तोवर सरलेली असतील, वरच्या रानात कदाचित सापडतील. शनिवार-रविवार टाळा. आणि वेळापत्रक कोरड्या दिवसासारखं घट्ट बांधू नका, एक दिवस हातचा ठेवा.

हा हातचा दिवस ठेवायला आपल्याला जड जातं. रजा मोजून मिळालेली असते, तिकिटं काढलेली असतात. पूर्वी रेल्वेचं आरक्षण 120 दिवस आधी उघडायचं, नोव्हेंबर 2024 पासून ते 60 दिवसांवर आलंय. त्यामुळे मेच्या शेवटची गाडी मार्चच्या शेवटी, सकाळी आठच्या ठोक्याला धरावी लागते. हरिद्वार किंवा देहरादूनपर्यंत रेल्वे, पुढे उत्तरकाशी. ऋषिकेशहून ते अंतर दीडशे किलोमीटरच्या पुढे आहे. नकाशावर पाहून भाऊजी म्हणाले, “म्हणजे दुपारच्या जेवणाला पोचू.” डोंगरातल्या रस्त्यावर किलोमीटर विचारायचे नसतात, तास विचारायचे. एक दरड आली की दिवस जातो, आणि अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर राहायचं नाही. जाण्यायेण्याचे दोन्ही दिवस मी पूर्ण रिकामे धरले आणि हातचा दिवस त्यांच्याशिवाय वेगळा मांडला. माझ्या मते सगळ्या बेतातला तोच सर्वांत मोलाचा दिवस आहे.

मग उंचीचा प्रश्न. कळसूबाई हे आपल्या राज्यातलं सर्वांत उंच शिखर 1646 मीटरचं. अगोड्यात जिथं आम्ही पहिल्या रात्री पाठ टेकणार, ती जागा सव्वादोन हजारांच्या आसपास आहे. म्हणजे महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा कितीतरी वर जाऊन तिथं आम्ही नुसते जेवणार आणि झोपणार. अडीच हजाराच्या वर गेलं की हवेतला प्राणवायू कमी पडायला लागतो आणि कोणाला त्रास होईल हे वयावरून किंवा दमसासावरून सांगता येत नाही. सर पुण्यातली पर्वती आजही न थांबता चढतात, त्यांना काहीच होणार नाही आणि माझ्या पुतणीला डोकं दुखून उलट्या होतील, हेही शक्य आहे. यावर खात्रीचा उपाय एकच, खाली उतरणं. डोकेदुखी लपवायची नाही, हा आमच्यातला पहिला नियम झाला. औषधाचं काय ते प्रत्येकानं आपापल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं. सरांनी हृदयाची तपासणी करून घेतली आणि कागद माझ्या हातात आणून दिला. मी मागितला नव्हता. त्यांना तो द्यावासा वाटला.

अगोड्यापासून डोडीताल पंधरा-सोळा किलोमीटर. बेबरा ओलांडून पुढे रानातून चढत जाणारी वाट. तरणी मंडळी एका दिवसात जातात. आम्ही मध्ये मांझीला थांबणार, जिथं उन्हाळ्यात गुरं घेऊन वर येणाऱ्यांच्या झोपड्या आहेत. रानातून हळू जायला मिळावं हा त्यात माझा स्वार्थ. हे बांज-खर्सूचं ओक जातीचं रान आहे. गढवाली बायकांना चारा, पाचोळा, जळण जे मिळतं ते या रानातून. आणि मुख्य म्हणजे पाणी. बांजाच्या पाचोळ्याचा जाड थर पावसाला जमिनीत मुरवतो, खालचे झरे उन्हाळ्यातही वाहत राहतात. जिथं बांज गेला आणि चीड जातीचा पाइन वाढला तिथं धारा आटल्या, असं पहाडातली जुनी माणसं सांगतात. चिडाच्या वाळक्या सुयांना तिथं पिरूल म्हणतात. मे महिन्यात ती पेटायला एक ठिणगी पुरते. 2024 च्या उन्हाळ्यात उत्तराखंडातली रानं कशी जळत होती ते आपण बातम्यांत पाहिलंय.

आमच्यातला पहिला मोठा वाद झाला तो आगीवरूनच. भाऊजींच्या मनातल्या चित्रात तंबू होता, तळं होतं आणि मध्ये शेकोटी होती. “वहिनी, तळ्याकाठची रात्र, आणि शेकोटी नाही?” त्यांचं म्हणणं मला कळत होतं. आमच्या तरुणपणी गडावर शेकोटीभोवतीच गाणी झाली, लग्नं जुळली. पण तीन हजार मीटरवर झाड फार सावकाश वाढतं. तिथं पडलेलं लाकूड कुजून पुढच्या रोपाला माती होणार असतं. दरवर्षी शेकडो माणसं एकेका रात्रीपुरती मोळी जाळणार असतील तर काठाभोवतीचं रान आतून पोकळ होत जाईल. स्वयंपाक गॅसवर करायचा आणि थंडीसाठी अंगावर आणखी एक स्वेटर चढवायचा, यावर शेवटी ते राजी झाले. सर म्हणाले, अंधार असला म्हणजे तारे दिसतात. त्यावर कोणी काही बोललं नाही.

सराव मात्र पुण्यातच चाललाय. आठवड्यातून एकदा आतकरवाडीच्या वाटेनं सिंहगड, पाठीवर पाण्याच्या बाटल्यांचं ओझं घेऊन. एरवी रोज पहाटे पर्वती. पायऱ्या चढून उतरलं की घरी जाताना सारसबागेतल्या गणपतीला नमस्कार करायचा. पुणेकर त्याला तळ्यातला गणपती म्हणतात. आज तिथं तळं नाही. पेशवाईत नानासाहेबांनी पर्वतीच्या पायथ्याशी आंबील ओढ्याचं पाणी अडवून तळं करवलं, मधोमध एक बेट राखलं. सवाई माधवरावांच्या काळात, 1784 साली, त्या बेटावर सिद्धिविनायकाची स्थापना झाली. होडीतून दर्शनाला जायचं ते ठिकाण. विसाव्या शतकात तळं हटलं, बाग झाली, शेजारून रुंद रस्ते गेले. नावात तेवढं पाणी राहिलं. आंबील ओढा अंग चोरून वाहत होता, तो 2019 च्या सप्टेंबरात एका रात्री असा उसळला की त्याच्या काठच्या वस्त्यांतल्या भिंती कोसळल्या आणि माणसं गेली.

रोज पहाटे या गणपतीपुढे उभं राहताना मला त्या दुसऱ्याची आठवण होते, ज्याच्या पुढ्यात अजून तळं आहे. डोडीतालच्या भागात सांगतात की गणपतीचा जन्म तिथलाच. आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेली कथा, पार्वतीनं अंगाच्या उटण्याच्या मळापासून मुलगा घडवला आणि स्नानाला जाताना त्याला दाराशी बसवलं, ती तिथली माणसं या पाण्याच्या काठावर घडलेली मानतात. आपण महाराष्ट्रात गणपतीला विघ्नहर्ता म्हणून पुजतो, विद्येचा देव म्हणून पुजतो, वाजतगाजत आणतो आणि पाण्यात पोचवतो. पण त्याला नेमून दिलेलं पहिलं काम पहाऱ्याचं होतं. आई स्नान करते आहे तोवर आत कोणी येऊ नये, एवढंच त्याला सांगितलेलं होतं. ते त्यानं साक्षात शंकराला अडवून पार पाडलं आणि त्यापायी शिर गमावलं.

मी भाविक आहे, म्हणून ही कथा मला नुसती गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही. आम्ही जिथं तंबू ठोकायला निघालोय, ती पार्वतीच्या स्नानाची जागा. दाराशी मूल बसलेलं. त्यानं आम्हांला आत का सोडावं? आमच्याकडे काय आहे, काय नाही, हे त्याला दाखवायचं झालं तर पिशवी उघडून दाखवता आली पाहिजे. तेव्हापासून आमच्या सामानाची यादी मी त्या पहाऱ्याला दाखवायची म्हणून करते आहे, आणि प्रत्येक वस्तू त्या नजरेतून चाळली जाते.

साबण. पहिल्याच फेरीत तो गेला. ‘नैसर्गिक’ म्हणून विकला जाणारा साबणही पाण्यात नैसर्गिक होत नाही. तळ्यात आणि तिथून निघणाऱ्या ओढ्यात ट्राउट मासा आहे. तो मूळचा युरोपातला, इंग्रजांच्या काळात या थंड पाण्यांत सोडला गेला आणि रुळला. त्याला पाणी गार लागतं, निवळ लागतं, भरपूर प्राणवायूचं लागतं. तो तिथं टिकून आहे हीच त्या पाण्याच्या आरोग्याची खूण. भांडी घासायला काठावर बसायचं नाही. तळ्यातून पातेल्यानं पाणी न्यायचं, निदान साठ मीटर लांब जाऊन गरम पाण्यानं भांडी पुसून काढायची आणि ते पाणी मातीत जिरवायचं. दात घासायचे तेही तिथंच. शौचाला जायचं तर तेवढंच लांब, वीतभर खोल खड्डा करून, वर माती लोटून. कागद मागे सोडायचा नाही. ओले टिश्यू तर मुळीच न्यायचे नाहीत, ते कुजत नाहीत. पुतणीला आणि मला पाळीच्या दिवसांचंही ठरवावं लागलं. वापरलेले पॅड दुहेरी पिशवीत बंद करून उत्तरकाशीपर्यंत परत आणायचे. हे बोलताना ती आधी संकोचली, मग तिनंच दोन वेगळ्या रंगांच्या पिशव्या शिवून आणल्या, तिची एक, माझी एक. हिमालयाच्या पुस्तकांतून या गोष्टी फारशा भेटत नाहीत. बायका मात्र डोंगरात नेहमीच होत्या.

खाण्यात मराठी घराचं चालतं. तीन हजार मीटरवर पाणी साधारण नव्वद अंशालाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, गॅस मात्र संपतो. छोटा कुकर, मुगाची खिचडी, मेतकूट-भात, दशम्या, शेंगदाण्याचे लाडू. नूडल्सची पाकिटं वगळली. त्यांची वेष्टणं या वाटांवर जितकी सापडतात तितकी दुसरी कुठलीच सापडत नसतील. अगोड्यात मात्र तिथलंच जेवायचं. आपली नाचणी तिथं मंडुवा होऊन भेटते. तिच्या भाकरीवर तूप, सोबत राजमा, भांगाच्या बियांची चटणी. सरांना कोकणातल्या आजोळची आठवण होणार, हे त्यांनी आत्ताच जाहीर केलंय.

आणि काफळ. मेमध्ये पहाडात रस्त्याच्या कडेला मुली-बायका टोपल्या घेऊन बसतात, त्यात गडद लाल, आंबटगोड, बारीक फळं असतात. आपल्याकडे पळसाच्या द्रोणात करवंदं घेऊन बसतात, तसंच. या फळाची एक लोककथा उत्तराखंडात घरोघर सांगतात. एका गरीब आईनं रानातून टोपलीभर काफळं आणली आणि मुलीला राखायला बसवून ती शेतावर गेली. दुपारच्या उन्हात फळं सुकून आक्रसली. आई परतली तर टोपली अर्धी. मुलीनं खाल्ली असं समजून तिनं रागाच्या भरात तिला मारलं, ते वर्मी लागलं आणि पोर गेली. संध्याकाळी गारवा आला, फळं पुन्हा फुगली, टोपली काठोकाठ भरली. आई त्या दुःखानं गेली. दोघी पक्षी झाल्या. एक सांगते, काफळं पिकली, मी चाखली नाहीत. दुसरी म्हणते, पुरी आहेत गं, पुरी आहेत. उन्हाळ्यात पहाडात कोकिळेच्या कुळातला जो पक्षी चार सुरांत साद घालतो, त्याच्या आवाजात तिथल्या माणसांना हे ऐकू येतं. आपल्या शेतकऱ्याला पावश्याच्या आवाजात ‘पेरते व्हा’ ऐकू येतं, त्याच महिन्यांत. ही कथा वाचल्यावर माझी पुतणी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “काकू, आपण काफळं विकत घेऊ तेव्हा भाव नको करायला.”

तिची-माझी खरी खडाजंगी झाली ती दरव्यावरून. डोडीतालच्या वर पाच-सहा किलोमीटरवर दरवा नावाची खिंड आहे, चार हजार मीटरच्या पुढे. रान संपून गवताळ बुग्याळ लागतं आणि समोर बंदरपूंछ उभा राहतो. तिनं त्याचे फोटो पाहिले होते. “इतक्या लांब जाऊन वर न चढताच यायचं?” एका दिवसात हजार मीटरहून जास्त चढ, तेही उंचीची सवय नसलेल्या फुप्फुसांनी. आणि हवेचा भरवसा नाही. जून 2024 मध्ये याच भागातल्या सहस्रतालाहून परतताना मुख्यतः कर्नाटकातल्या 22 जणांच्या गटाला वादळानं आणि बर्फानं गाठलं. नऊ जण गेले. जूनचा पहिला आठवडा होता, सपाटीवर उष्म्याची लाट चालू होती. त्यातले बरेच जण अनुभवी होते, वयानंही वडीलधारे होते. मी तिला हे घाबरवायला सांगितलं नाही. उन्हाळा हा शब्द आपण खालून वर नेतो, वरच्या डोंगराला तो बांधून ठेवत नाही, एवढं तिला कळावं असं वाटलं. शेवटी ठरलं ते असं: तळ्यापाशी दोन रात्री. हवा आणि चौघांची डोकी स्वच्छ असतील तर दुसऱ्या दिवशी पहाटे निघून दुपारी बारापर्यंत जिथवर जाता येईल तिथवर जायचं आणि मागे फिरायचं. ठरवणार वाटाडे. आमच्यापैकी कोणी त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही. बुग्याळावर मुक्काम करायचा नाही, 2018 साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं त्याला मनाई केलीच आहे. न्यायालयाला हे सांगावं लागलं याचंच मला वाईट वाटतं.

वाटाडे अगोड्याचेच हवेत, ही माझी अट होती. शहरातल्या मोठ्या कंपन्या सगळं आयतं देतात, स्वस्तातही देतात, तंबू तयार, जेवण तयार. त्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण असीगंगेच्या खोऱ्यात राहणारी माणसं या नदीसोबत जे भोगतात त्याचा मोबदला त्यांच्या हाती पडायला हवा, असं मला मनापासून वाटतं. ऑगस्ट 2012 च्या सुरुवातीला या खोऱ्यात ढगफुटी झाली. डोडीतालहून निघणारी ही एवढीशी नदी रात्रीत अशी फुगली की गंगोरीचा पूल गेला, अगोड्याकडे नेणारा संगमचट्टीचा रस्ता गेला, नदीवर चाललेली जलविद्युत प्रकल्पांची कामं मोडून पडली, माणसं वाहून गेली. पुढच्याच वर्षी केदारनाथचा प्रलय. आणि 5 ऑगस्ट 2025 ला गंगोत्रीच्या वाटेवरचं धराली, खीरगंगेच्या लोंढ्याखाली काही क्षणांत गाडलं गेलेलं. त्या वेळी महाराष्ट्रातली मंडळीही वर अडकली होती, त्यांच्या घरच्यांची घालमेल आपण पाहिली. आपण परत येतो, पूर ओसरल्यावर त्याच काठावर पुन्हा चूल मांडणारे तिथलेच असतात. ज्या घरात आम्ही अगोड्याला उतरणार, त्या घरातल्या बाईंनी फोनवर एकच विचारलं, “खाने में तीखा चलेगा?”

तळ्यात उतरायचं की नाही, हे मात्र अजून ठरलेलं नव्हतं. तीर्थ म्हटलं की डुबकी आलीच, असं भाऊजींचं मत. पुतणीलाही पाण्यात उतरायचं होतं. सर इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, गडावरच्या पिण्याच्या टाक्यात आपण कधी पाय घातला का? नाही घातला. गुरवानं, गुराख्यानं, आधीच्या पिढीच्या भटक्यांनी आपल्याला ते शिकवलं. टाक्याच्या कडेला चपला काढायच्या, भांड्यानं पाणी वर घ्यायचं, उष्टं भांडं आत बुडवायचं नाही. तेवढं इथंही पाळू. अंगाला सनस्क्रीन फासून, डासांचं मलम लावून त्या पाण्यात शिरायचं आणि त्याला स्नान म्हणायचं, हे माझ्यानं तरी होणार नव्हतं. चौघांनी ठरवलं, ओंजळीनं पाणी घ्यायचं, डोळ्यांना लावायचं, काठावर बसायचं.

पाणी आहे का, हा आमचा जुना प्रश्न डोडीतालला विचारावाच लागणार नाही. तिथं पाणी मुबलक आहे आणि ते आमच्या आधीपासून तिथं आहे. आम्ही येऊन गेल्यावर ते कसं असेल, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर घरून निघण्याआधी पिशव्या भरतानाच द्यावं लागतं.

तिकिटं मार्चच्या शेवटी निघतील. तुमच्याही मनात या उन्हाळ्यात तिकडं जायचं असेल तर तारखा ठरवण्याआधी अगोड्यात फोन करून हवेची चौकशी करा, वाटाडे तिथलेच घ्या, वनखात्याचा परवाना रीतसर काढा, एक दिवस रिकामा ठेवा. साबण, सनस्क्रीन आणि वेष्टणांतला खाऊ उत्तरकाशीच्या खोलीवरच ठेवून वर जा. आणि जे काही वर न्याल, ते सगळं मोजून खाली आणा.